जुन्या वस्तूंच्या कुंड्या

जुन्या वस्तूंच्या कुंड्या म्हणजे मूळ उपयोग संपलेल्या किंवा दुसऱ्याने वापरून टाकलेल्या भांड्यांचा, डब्यांचा, पिंपांचा व तत्सम वस्तूंचा झाडे लावण्यासाठी केलेला पुनर्वापर होय. मराठीत ही पद्धत ‘टाकाऊतून टिकाऊ’ या व्यापक संज्ञेखाली ओळखली जाते. फुटके माठ, गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, फळांच्या लाकडी पेट्या, दगडी डोणी, बिनउपयोगी झालेली हात धुण्याची भांडी इत्यादी वस्तूंचा यासाठी उपयोग होतो. अशी कुंडी बनविण्याचा खर्च अल्प असतो. मात्र वस्तूत पाण्याचा निचरा होतो की नाही आणि ती पूर्वी कशासाठी वापरली होती, या दोन गोष्टींवर तिची उपयुक्तता व सुरक्षितता अवलंबून असते. खाण्याच्या भाज्या लावताना दुसरी बाब विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील ग्रामीण घरांमागे परसबागेची परंपरा जुनी आहे. मोरीचे सांडपाणी जिथे जाते तिथे अळू व केळ, कुडाच्या कुंपणावर घेवडा, वाल, दोडका किंवा कारल्याचा वेल आणि अंगणात तुळशीवृंदावन अशी तिची सर्वसाधारण मांडणी असे. वृंदावन हे मुद्दाम घडविलेले रोपपात्र आहे. त्याच्या जोडीला फुटका माठ, तळ गेलेले घमेले किंवा गळकी बादली यांतही तुळस, ओवा, गवती चहा, कोरफड अशी नित्य लागणारी झाडे लावली जात. पाणी धरून ठेवण्यास निरुपयोगी झालेले भांडे निचऱ्याच्या दृष्टीने कुंडीसाठी योग्यच असते, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

शहरांत जमिनीचा अभाव असल्यामुळे ही पद्धत गच्ची व सज्जा येथे आली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी प्रचारात आणलेल्या शहरी शेतीच्या पद्धतीत पॉलिथीनच्या पिशव्या, जुने टायर, पिंपे इत्यादी सहज मिळणाऱ्या वस्तूंत उसाची चिपाडे, कंपोस्ट खत व थोडी माती भरून भाज्या व फळझाडे लावली जात. त्यामुळे मातीची गरज व तिचे वजन दोन्ही कमी होत. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या उपक्रमातून आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून थोड्या जागेत, स्थानिक सेंद्रिय पदार्थांपासून माती तयार करून उत्पादन घेण्याचा विचार मांडला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा उपयोग करून बाग सुरू झाली. अशा प्रयोगांमुळे गच्चीवरील बाग हा शहरी घनकचऱ्याच्या प्रश्नाशी जोडलेला विषय बनला.

जुन्या वस्तू मिळण्याची पारंपरिक ठिकाणे म्हणजे भंगाराची दुकाने, आठवडे बाजार आणि मोठ्या शहरांतील जुने बाजार होत. पुण्यातील जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. मुंबईतील चोर बाजार जुन्या घरसामानासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि मोडीवर पैसे देणारा भंगारवाला यांच्यामुळे मराठी घरांतील वापरलेल्या वस्तू पूर्वीपासून फिरत्या राहिल्या आहेत.

अकोले तालुक्याच्या संदर्भात

अकोले हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, प्रवरा नदीकाठी वसलेले तालुक्याचे गाव आहे. तालुक्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीची मुख्य रांग असून १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर तालुक्याच्या सीमेवर आहे. घाटघर व रतनवाडीच्या परिसरात पावसाळ्यात अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडे अकोले गावाच्या दिशेने पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते. भंडारदरा धरणासारखा मोठा जलाशय तालुक्यात असूनही डोंगरउतारावरील वाड्यांना उन्हाळ्यात पाणी जपूनच वापरावे लागते. एकाच तालुक्यातील ही दोन टोके कुंडीतील लागवडीची मुख्य अडचण स्पष्ट करतात : आषाढात भांड्यातून पाणी लगेच निघून गेले पाहिजे आणि चैत्र-वैशाखात तेच भांडे ओल टिकविणारे हवे.

तालुक्यातील महादेव कोळी, ठाकर आदी समाजांत परसबाग व स्थानिक बियाणे यांचा निकटचा संबंध आहे. कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जतन करण्याचे काम केले. बाएफ या संस्थेच्या सहकार्याने त्यांच्या कामातून स्थानिक बियाणे बँक उभी राहिली आणि वाल, भात, भाज्या यांच्या अनेक वाणांचे संवर्धन झाले. ‘बीजमाता’ या नावाने त्या ओळखल्या जातात. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. २०१८ या वर्षाचा नारी शक्ती पुरस्कार त्यांना मिळाला, तर २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बियाणे साठविण्याच्या पारंपरिक पद्धतीत मातीच्या मडक्यांना महत्त्वाचे स्थान आहे. वाळविलेले बी राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यासोबत मडक्यात भरून तोंड बंद केले जाते. असे मडके तडकल्यावर बियाणे साठविण्यास निरुपयोगी ठरते, परंतु त्यात रोपे वाढविता येतात. देशी वाणाचे बी पुढील हंगामासाठी धरावयाचे असल्यास पिकाची निवड महत्त्वाची असते. घेवडा व वाल यांत बहुतांशी स्वपरागण होत असल्यामुळे मोठ्या कुंडीतील मोजक्या वेलांपासूनही वाणाशी जुळणारे बी मिळू शकते. भोपळा, दोडका, कारले यांच्या फुलांचे परागण कीटकांमार्फत होते. त्यामुळे जवळपास त्याच जातीचे दुसरे वाण असल्यास कुंडीतील वेलाचे बी मूळ वाणाचे राहीलच असे नाही.

वस्तूंचे प्रकार

मातीची भांडी : माठ, मडकी, रांजण व परळ यांच्या सच्छिद्र भिंतींतून बाष्पीभवन होत राहिल्याने मुळे थंड राहतात व त्यांना हवा मिळते. मात्र ओल लवकर जाते. बाहेरच्या बाजूस येणारा पांढरा थर हा पाण्यातील व खतांतील क्षारांचा असतो. कल्हईसदृश चकचकीत लेप असलेल्या जुन्या चिनीमातीच्या किंवा मातीच्या भांड्यांच्या लेपात शिसे असू शकते. त्यामुळे लेपाचे पापुद्रे निघालेली भांडी शोभेच्या झाडांसाठीच वापरणे योग्य होय.

पत्र्याचे डबे : १५ किलो गोडेतेलाचा चौकोनी डबा हा महाराष्ट्रात सर्वाधिक वापरला जाणारा डबा आहे. खाद्यतेलाचा असल्याने तो भाज्यांना सुरक्षित असतो. पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत गंजून झिजतो. उन्हात तो तापत असल्याने पश्चिमेच्या बाजूस गोणपाट गुंडाळणे किंवा डबे एकमेकांना चिकटून ठेवणे उपयुक्त ठरते. जस्ताचा लेप असलेल्या बादल्या व टबांतून आम्लधर्मी मातीत जस्त अधिक प्रमाणात सुटते.

तांबे व पितळ : घंगाळे, हंडा, कळशी यांसारखी भांडी देखणी असली तरी जास्त प्रमाणातील तांबे मुळांना अपायकारक असते. शिवाय जुन्या कल्हईत शिसे असण्याची शक्यता असते. अशा भांड्याचा उपयोग बाहेरचे आवरण म्हणून करून आत साधी कुंडी ठेवली जाते. भोक पाडावे लागत नसल्याने भांड्याचे मोलही टिकते.

प्लॅस्टिक : डब्याच्या तळाशी त्रिकोणी चिन्हात असलेल्या अंकावरून प्लॅस्टिकचा प्रकार कळतो. २, ४ व ५ हे अंक अनुक्रमे उच्च घनतेचे पॉलिथीन, कमी घनतेचे पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन दर्शवितात. खाद्यपदार्थांसाठी वापरलेले या प्रकारांचे डबे लागवडीस चालतात. ३ (पीव्हीसी) व ६ (पॉलिस्टायरीन) हे भाज्यांसाठी टाळले जातात. उन्हामुळे प्लॅस्टिक ठिसूळ होते. त्याचे तुकडे पडू लागताच भांडे बदलावे लागते, अन्यथा ते तुकडे मातीत मिसळतात.

लाकूड : आंब्याच्या व इतर फळांच्या पेट्यांना आतून गोणपाट लावल्यास एक-दोन हंगाम पालेभाज्या घेता येतात. मालवाहतुकीच्या लाकडी फळ्यांवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे उष्णतेची प्रक्रिया, तर ‘एमबी’ ही मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया दर्शवितात. एमबी शिक्क्याचे लाकूड वापरू नये. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना क्रिओसोट हे डांबरजन्य संरक्षक लावलेले असल्याने तेही भाज्यांसाठी अयोग्य असतात.

दगड : गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोण, जुने उखळ, जात्याची तळी हे टिकाऊ पर्याय होत. त्यांचे वजन मोठे असल्याने ते जमिनीवरच ठेवले जातात. भोक पाडण्याचे काम पाथरवटाकडून करून घेणे श्रेयस्कर असते. भोक पाडता येत नसल्यास डोणीत कमळासारखी जलवनस्पती लावून गप्पी मासे सोडले जातात.

टायर : टायरच्या रबरात जस्ताची संयुगे व काही हानिकारक कर्बसंयुगे असतात. भाज्यांसाठी त्यांच्या वापराबाबत मतभेद आहेत. शोभेच्या झाडांसाठी त्यांचा वापर सर्वत्र दिसतो. टायरच्या आतील कडेत पाणी साचत असल्याने तेथेही भोके पाडणे आवश्यक असते.

टाळावयाच्या वस्तू

कीटकनाशके, तणनाशके व औद्योगिक रसायने यांची पिंपे व डबे कितीही धुतले तरी कुंडीसाठी वापरू नयेत. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार अशा रिकाम्या वेष्टनांचा पुनर्वापर होऊ नये म्हणून ती मोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. वाहनांच्या बॅटरीचे खोके शिसे व आम्लाने दूषित असतात. ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या जुन्या टाक्या व नळ कापताना किंवा त्यांना भोक पाडताना उडणारे तंतू फुप्फुसांस घातक असल्याने तेही टाळले जातात.

जुन्या रंगाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वी रंगविलेल्या खिडक्या, पेट्या, पाळणे व लोखंडी वस्तूंवरील रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासल्यास शिशाची धूळ उडते. ती लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना विशेष धोक्याची असते. पापुद्रे मातीत पडल्यास शिसे मुख्यतः पालेभाज्यांना व कंदमुळांना चिकटलेल्या मातीतून पोटात जाते. म्हणून वस्तूचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्यास तीत खाण्याची झाडे न लावता फुलझाडे लावणे हा सर्वसाधारण संकेत आहे.

पूर्वतयारी

वस्तू गरम पाणी व साबणाने धुऊन उन्हात वाळविली जाते. तेलकट डब्यांना राख किंवा धुण्याचा सोडा लावून घासतात. त्यानंतर निचऱ्याची भोके पाडली जातात. तेलाच्या डब्याएवढ्या भांड्यास सुमारे १ सेंटिमीटर व्यासाची चार ते पाच भोके पुरेशी असतात. जोराच्या पावसाच्या भागात तळाच्या किंचित वर, बाजूंनाही एक-दोन भोके ठेवतात. तळाचे भोक बुजले तरी त्यांतून पाणी निघून जाते.

• पत्र्याला भोक पाडताना आत लाकडाचा ठोकळा धरून जाड खिळ्याने ठोकतात. भोक आतून बाहेर पाडल्यास धारदार कडा आत राहत नाही व पाणी अडत नाही.
• मातीचे भांडे रात्रभर पाण्यात भिजवून, फरशीला भोक पाडण्याच्या पात्याने, हातोडीचा ठोका बंद ठेवून व अलगद दाब देऊन भोक पाडतात.
• प्लॅस्टिकला ड्रिलने किंवा तापविलेल्या सळईने भोक पडते. सळई वापरताना निघणारा धूर श्वासात जाऊ नये म्हणून हे काम उघड्यावर करतात.

भांडे विटांच्या तुकड्यांवर थोडे उचलून ठेवल्यास तळाची भोके मोकळी राहतात व पत्रा उशिरा गंजतो.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीतील पाणी तिच्याखालील जाड कणांच्या थरात सहज उतरत नाही. ते मातीच्या खालच्या भागात अडून राहते. खडीमुळे हा ओला पट्टा वर सरकतो आणि मुळांना मिळणारी जागा घटते. म्हणून भोकावर माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती एखादी खापरी किंवा जाळी ठेवणे पुरेसे असते.

भरण

शेतातील काळी माती एकटीच भरल्यास ती ओली असताना चिकट व वाळल्यावर भेगाळलेली राहते. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे समप्रमाणातील मिश्रण सर्वसाधारणपणे वापरले जाते. ऊस पिकविणाऱ्या भागांत पाचट सहज मिळते. तालुक्यात अगस्ती सहकारी साखर कारखाना असल्याने अकोल्याच्या प्रवराकाठच्या पट्ट्यातही ऊस पिकतो. पाचटाचे तुकडे किंवा पालापाचोळा कुंडीच्या खालच्या भागात भरल्यास तो कुजत जाऊन खत होतो. त्यामुळे मातीची पातळी काही महिन्यांत खाली बसते व वरून भर घालावी लागते. ताजे शेण किंवा न कुजलेला कचरा मुळांजवळ घातल्यास उष्णता निर्माण होऊन रोपे दगावतात.

मातीच्या पृष्ठभागावर पाचटाचे किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन घातल्याने उन्हाळ्यातील बाष्पीभवन कमी होते. पाणीटंचाईच्या गावांत भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालण्याची रीत आहे.

आकार व पिके

भांड्याच्या खोलीनुसार पिकांची निवड केली जाते. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक यांना सुमारे १५ सेंटिमीटर खोली पुरते. त्यासाठी फळांच्या पेट्या व पसरट टब योग्य असतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांना किमान ३० सेंटिमीटर खोली लागते व तेलाच्या डब्यात प्रत्येकी एक रोप लावले जाते. घेवडा, दोडका, कारले या वेलांना याहून मोठे भांडे व मांडव लागतो. लिंबू, कढीपत्ता, शेवगा यांसाठी अर्धे कापलेले २०० लिटरचे पिंप वापरतात. शेवगा जोमाने वाढत असल्याने त्याची वारंवार छाटणी करावी लागते.

गच्चीवरील भार

आयएस ८७५ (भाग २) : १९८७ या भारतीय मानकानुसार वावर असलेल्या गच्चीसाठी धरावयाचा चल भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो इतका असतो. माणसांच्या वावराचा भारही यातच मोजला जातो. तेलाच्या डब्यात सुमारे १६ लिटर भरण मावते. ते ओल्या मातीचे असल्यास वजन २५ किलोच्या आसपास जाते. एका चौरस मीटरमध्ये असे १६ डबे बसतात आणि त्यांचा एकत्रित भार ४०० किलो होतो. काथ्याचा भुसा व खत यांचे हलके मिश्रण वापरले तरी हे वजन २०० किलोच्या वर राहते. म्हणून गच्ची सलग डब्यांनी न भरता कुंड्या भिंती व तुळयांच्या रेषेत, अंतर राखून ठेवल्या जातात. मोठ्या बागेपूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आवश्यक मानला जातो. गच्चीचा जलरोधक थर व पावसाच्या पाण्याची तोंडे यांना अडथळा होणार नाही, हेही पाहावे लागते.

डासांचा प्रश्न

डेंग्यू व चिकुनगुन्याचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास घरांभोवतीच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने टिकतात व पुन्हा पाणी मिळताच उबतात. अंड्यापासून प्रौढ डास होण्यास उष्ण हवेत आठवडा ते दहा दिवस पुरतात. या कारणाने महाराष्ट्रातील आरोग्य यंत्रणा आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतात.

जुन्या वस्तूंच्या बागेत धोका लावलेल्या कुंड्यांपेक्षा न लावलेल्या वस्तूंचा अधिक असतो. पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून उघड्यावर रचून ठेवलेले टायर, डबे व माठ पहिल्याच पावसात डासांची उत्पत्तिस्थाने बनतात. अशा वस्तू पालथ्या किंवा छपराखाली ठेवणे, आणल्याबरोबर भोके पाडणे आणि कुंडीखालील ताटल्यांत वाळू भरणे हे उपाय सुचविले जातात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नसते. भिंतीवरील अंडी निघण्यासाठी भांडे घासावे लागते.

मर्यादा

पुनर्वापरामुळे वस्तू कचऱ्यात जाण्याचा काळ लांबतो, परंतु टळत नाही. गंजलेला पत्रा मातीने भरलेला असला तरी रिकामा करून भंगारात देता येतो. उन्हाने चुरा होणारे प्लॅस्टिक मात्र वेळीच न काढल्यास बागेची माती दूषित करते. पुनर्चक्रणासाठी चांगली किंमत येणारी वस्तू कुंडी बनविण्यापेक्षा भंगारवाल्याकडे देणे अधिक योग्य ठरू शकते. तसेच या कामासाठी नव्या वस्तू विकत घेऊन त्या जुन्यासारख्या दिसाव्यात असे रंगविण्याच्या प्रथेमुळे काटकसरीचा मूळ हेतू बाजूला पडतो. ज्या भांड्याचा पूर्वीचा उपयोग माहीत आहे, ज्यातून पाणी वाहून जाते आणि जे निकामी झाल्यावर कुठे द्यावयाचे हे ठरलेले आहे, ते भांडे कुंडीसाठी सर्वांत योग्य समजले जाते.

हे सुद्धा पहा

• परसबाग
• तुळशीवृंदावन
• गांडूळखत
• राहीबाई पोपेरे
• श्रीपाद अच्युत दाभोळकर
• अकोले तालुका
• डेंग्यू